नकाशा पूर्ण आहे

लालबाग,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

धनेशदादा,

सरांच्या कवटीच्या आत, उजव्या बाजूला, रक्त साचलं आहे. आज सकाळी साडेअकराला डॉक्टरांनी स्कॅन उजेडासमोर धरून मला आणि सरोजिनीआत्यांना ते दाखवलं. त्या रक्ताच्या दाबाने मेंदू मधल्या रेषेच्या पलीकडे सरकला आहे. हे काल-परवाचं नाही, निदान दोन महिने हळूहळू साचत आलंय, असं ते म्हणाले. ऑपरेशन सोमवारी सकाळी आहे. आजच करता येत नाही, कारण सर हृदयासाठी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेतात आणि त्यांचा अंमल उतरायला हवा. "थांबणं धोक्याचं आहे आणि न थांबणंही," हे डॉक्टरांचे शब्द. कागदांवर आत्यांनी सही केली.

सरांना डावी बाजू उरलेली नाही. डोळे चांगले आहेत, पण डोळ्यांनी दाखवलेलं मेंदू घेत नाही. काल मी खोताच्या वाडीत गेले तेव्हा ते बाहेरच्या खोलीत बसले होते. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर चार-पाच दिवसांची पांढरी दाढी. मी म्हटलं, "सर, दाढी अर्धी राहिली." ते म्हणाले, "आत्ताच केली. बघ हात लावून." आणि उजव्या गालावरून हात फिरवून दाखवला. मी तिथूनच टॅक्सी बोलावली.

डॉक्टरांनी विचारलं, हे नक्की कधीपासून? आत्या म्हणाल्या, दिवाळीच्या आसपास. मी दुरुस्त केलं नाही. मला तारखा ठाऊक होत्या. त्या सरांच्या अक्षरात माझ्या कपाटात आहेत.

तुला माहीतच आहे, सरांना फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र ते खणात ठेवतात, म्हणून आम्ही टपालाने लिहितो. माझी पत्रं त्यांच्या फायलीत सापडली, त्यांची माझ्याकडे होती. सगळी फोटो काढून क्रमाने पाठवते आहे. वाच, मग मला काय बोलायचं ते बोल. तुझं जहाज जिनोआला लागलंय असं आत्या म्हणाल्या. उतरून बाबांकडे येता येईल का, ते कळव. आत्या विचारत नाहीत, पण दर तासाला माझ्या मोबाइलकडे बघतात.

दर्शना

---

लालबाग,
२२ सप्टेंबर २०२५

आदरणीय सर,
सा. न.

एक मागणं आहे. सहावीच्या इतिहासात प्राचीन भारताचा जगाशी व्यापार येतो आणि त्यात रोम चार ओळींत संपतं. नील नावाचा मुलगा म्हणाला, "बाई, एवढं मोठं साम्राज्य आणि एवढीशी जागा? आमच्या खोलीसारखं." म्हणून शनिवारी, दप्तर नसतं त्या दिवशी, दोन तास रोमच करायचं ठरवलंय. इतिहास आणि भूगोल एकत्र, नकाशावर. तुम्ही आम्हाला शिकवायचात तसं.

दुकानात भारताचे आणि जगाचे कोरे नकाशे मिळतात, भूमध्य समुद्राचा मिळत नाही. इंटरनेटवरचे छापले तर नावं आधीच भरलेली. तुम्ही हाताने काढून द्याल का? मी झेरॉक्स काढीन. मुलं छत्तीस आहेत.

मी स्वतः यायला हवं होतं. पण शाळा सुटली की मतदारयाद्यांचं काम असतं, घरोघरी. रविवारही त्यातच जातो.

आपली,
दर्शना घाडी

---

खोताची वाडी, गिरगाव,
२६ सप्टेंबर २०२५

चि. दर्शना,
अनेक आशीर्वाद.

निवृत्त होऊन वीस वर्षं झाली आणि आता कुणाला तरी भूमध्य समुद्र हवा आहे. पत्र वाचून सरोजिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता टेबलावर जेवायला जागा उरणार नाही." उरलेली नाही.

पहिला नकाशा सोबत आहे. फक्त किनारे, नद्या आणि डोंगर. नावं मुलांनी घालायची. आधी डोंगर, मग नदी, मग शहर, हा क्रम सोडू नकोस. आल्प्स दिसल्याशिवाय हॅनिबलने काय केलं ते कळत नाही, टायबर दिसल्याशिवाय रोम तिथेच का वसलं ते कळत नाही. समुद्रावर बोट ठेवून विचार, हा समुद्र आहे की तळं? भांडू दे. रोमन लोक त्याला आपला समुद्र म्हणत, का म्हणत, ते भांडणातून निघेल.

रस्ते दोऱ्याने मोजायचे, पट्टीने नाही. दोरा वळणावर वळतो.

आणि आपली जुनी गंमत तुला आठवत असेल. नकाशात मी एक गोष्ट गाळली आहे. काय, ते तुलाही सांगणार नाही. मुलांनी विचारलं तर एकच उत्तर द्यायचं: "नकाशा पूर्ण आहे. नीट बघा." मीही अखेरपर्यंत तेच म्हणेन. शिक्षकाने कबूल केलं की मूल शोधायचं थांबतं.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. गेल्या शनिवारी बाहेरच्या लाकडी जिन्यावर पाय घसरला. कठड्याला डोकं लागलं, टेंगूळ आलं, दोन दिवसांत गेलं. सरोजिनी देवळात गेली होती, तिला ठाऊक नाही आणि कळू देऊ नकोस. कळलं तर मला खाली उतरू देणार नाही, आणि धनेशला कळलं तर तो बोटीवरून डॉक्टर पाठवील.

तुझा,
राजाराम नेरूरकर

---

लालबाग,
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,
सा. न.

सिसिली!

काल पाऊण तास लागला. हितेंद्र म्हणाला, "बाई, इटलीचा बूट कशाला लाथ मारतोय? बॉल कुठाय?" मी म्हटलं, "नकाशा पूर्ण आहे. नीट बघा." सगळा वर्ग ओरडला, "नाहीये! नाहीये!" शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. मग ॲटलास उघडून सगळ्यांनी सिसिली काढली. काहींची इटलीपेक्षा मोठी झाली.

दुसऱ्या तासाला धान्याची जहाजं केली. अलेक्झांड्रिया ते रोम, समुद्रावर दोरा टाकून. मी फळ्यावर लिहिलं की रोमहून जाताना दोन-तीन आठवडे आणि येताना दोन महिनेसुद्धा लागत. का? कुणी म्हणालं माल जड, कुणी म्हणालं चाचे. शीव कोळीवाड्याची रंजिता मागच्या बाकावर असते, फारसं बोलत नाही. ती म्हणाली, "वारा तोंडावर असंल. माझा आजा सांगतो, जाताना शीड, येताना शिव्या." सर, मी तिला पुढे बोलावून वाऱ्याचे बाण काढायला लावले. बरोबर काढले, वायव्येकडून.

तुम्ही पडलात ते वाचून काळजी वाटली. डॉक्टरांना एकदा दाखवाल का? आत्यांना मी काही बोलत नाही, तुम्ही सांगितलंय म्हणून.

पुढचा नकाशा रस्त्यांचा हवा.

आपली,
दर्शना

---

खोताची वाडी,
९ ऑक्टोबर २०२५

चि. दर्शना,
अ. आ.

रंजिताला माझा आशीर्वाद सांग. तिच्या आजोबांचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

डॉक्टर कशाला? डोकं थोडं दुखतं, ते चष्म्याचा नंबर बदलल्यामुळे. ओळ वाचता वाचता पुढची सापडत नाही. दिवाळीनंतर नंबर काढीन.

रस्त्यांचा नकाशा पाठवतो आहे. ॲपियन मार्ग ठळक काढला आहे, रोमपासून ब्रिंडिसीपर्यंत. सैनिक दिवसाला तीस किलोमीटर चालतो असं धरा. मग तेवढ्याच किलोमीटरांचा दोरा महाराष्ट्राच्या नकाशावर मुंबईपासून खाली टाकून बघा. मुलं कोकणातली आहेत, त्यांना लगेच कळेल.

इथे एक नवीन प्रकार सुरू झाला आहे. सरोजिनी हल्ली मला चटणी, कोशिंबीर, लिंबू वाढतच नाही. आमटी-भाजी तेवढी देते. विचारलं तर म्हणते, "वाढलंय की, समोर आहे." समोर काहीही नसतं. पाऊणशे वर्षांची बहीण खोटं बोलायला शिकली. ब्लड प्रेशरमुळे मीठ-तिखट बंद करायचा तिचा डाव असावा, आणि मी विचारायचं सोडून दिलं आहे. ती खुशीत असते, म्हणते दादाने आपणहून तिखट सोडलं.

तुझा,
राजाराम नेरूरकर

---

लालबाग,
१२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,
सा. न.

या वेळी पाच मिनिटंही लागली नाहीत! स्पेन नाही, ब्रिटन नाही, फ्रान्सचा पश्चिम किनारा नाही. नील म्हणाला, "बाई, सरांनी स्पेन खाल्लं." मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "नकाशा पूर्ण आहे." मग मुलांना मी तुमच्या वतीने एक कल्पना सांगितली: सीझर निघण्याआधी रोमला पश्चिम नीटशी ठाऊकच नव्हती, म्हणून सरांनी ती कोरी ठेवलीय, आता आपण सीझर व्हायचं आणि ती भरायची. सगळे तुटून पडले. एवढी मोठी जागा गाळायची कल्पना मला कधी सुचली नसती. शिक्षक म्हणून तुमच्याकडून अजून शिकतेच आहे.

ॲपियन मार्गाचा दोरा मुंबईपासून टाकला तर सावंतवाडी ओलांडून गोव्यात गेला. एकोणीस दिवस चालत. हितेंद्र म्हणाला, "एवढ्यात गणपतीला गावी जाऊन परत यायची वेळ होईल."

ताटाचं वाचून घरी सगळे हसलो. आत्यांचा डाव चालू द्या, तुमच्या ब्लड प्रेशरला बराच आहे.

आता दिवाळीची सुट्टी. नोव्हेंबरमध्ये तिसरा नकाशा पाठवाल ना?

आपली,
दर्शना

---

खोताची वाडी,
२४ ऑक्टोबर २०२५

दर्शना,

तुझ्या पत्राने मला त्रास झाला. स्पेन नाही असं कोण म्हणतं? मी सुरुवातच जिब्राल्टरपासून केली. ब्रिटन काढलं, टेम्स काढली, हेड्रियनची भिंतसुद्धा काढली. या वेळी काहीही गाळलेलं नव्हतं, कारण रस्ते मोजायचे असताना गाळणं मला पसंत नाही. झेरॉक्सवाल्याने कापलं असेल. त्याला जाब विचार. नकाशा पूर्ण आहे.

तिसरा पाठवतो आहे, संपूर्ण साम्राज्याचा, सगळ्यात मोठ्या विस्ताराचा. या नकाशावर माझे सहा दिवस गेले. मुलांनी प्रांत रंगवायचे आहेत.

घरात दाराच्या चौकटी जवळ जवळ आल्यासारख्या वाटतात. दोनदा डावा खांदा सोलून निघाला. जुनं लाकूड फुगतं. धनेशचा परवा व्हिडिओ कॉल होता, सरोजिनीने मोबाइल धरला होता, पण तो पडद्यावर आलाच नाही. नुसता आवाज, तोही मला ऐकू येत नाही. मग तोच चिडला.

राजाराम नेरूरकर

---

लालबाग,
९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,
सा. न.

आधी तुमची माफी. पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खरंच घाबरले, सर चिडले म्हणून. मग शेवटचं वाक्य वाचलं, "नकाशा पूर्ण आहे," आणि हसूच आलं. तुम्ही म्हणालाच होतात की अखेरपर्यंत कबूल करणार नाही. झेरॉक्सवाल्यावर ढकलणं तर फारच आवडलं. मुलांना वाचून दाखवलं.

तिसरा नकाशा त्याहून अवघड. साम्राज्याचा नकाशा आणि त्यात रोमच नाही! ग्रीसपासून सुरू. वर्गात खरोखरच भांडण झालं. हितेंद्रचं म्हणणं, राजधानी बदलून कॉन्स्टँटिनोपल झाली तेव्हाचा हा नकाशा आहे, म्हणून सर पूर्वेकडचाच भाग देतात. मला ते पटलं, मी त्याला शाबासकी दिली. रंजिता उभी राहून म्हणाली, "बाई, सर विसरत असतील. आधी एवढं गेलं, मग एवढं. उतारावरच्या पाण्यासारखं गेलं." मी तिला म्हटलं, "नेरूरकर सर विसरत नाहीत. खाली बस." थोडं जोरात बोलले.

हितेंद्रचं बरोबर आहे का, एवढं तरी सांगा. निदान मला.

यादीचं काम महिनाअखेरीला संपेल. मग नक्की येते.

आपली,
दर्शना

---

खोताची वाडी,
१५ नोव्हेंबर

दर्शना,

कागद हल्ली फार अरुंद देतात. पूर्वीच्या तावाला रुंदी होती. चार शब्द लिहिले की काठ येतो. दुकानदाराला सरोजिनी काही बोलत नाही.

नकाशा पाठवतो. त्यात सगळं आहे. मुलं भांडतात ते बरं.

डोकं सकाळी जड असतं. दुपारी झोप येते, मग संध्याकाळीही.

रोम कुठे आहे असं विचारलं आहेस. तू असं विचारशील असं वाटलं नव्हतं. मध्यभागी आहे. मी काढलं आहे. मी अजून रोम

---

(दादा, हे पत्र मला १९ तारखेला मिळालं. वाक्य तिथेच थांबतं. सगळा मजकूर कागदाच्या उजव्या काठाला दोन बोटांच्या पट्टीत आहे, अक्षर नेहमीसारखं, एक वेलांटी चुकलेली नाही. नकाशात फक्त सीरियाचा किनारा आणि युफ्रेटिस आहे. बाकी कागद कोरा. पाकिटावरचा माझा पत्ताही उजव्या कोपऱ्यात एकावर एक चढलेला होता. तेव्हा कुठे मला कळलं. - द.)

---

जिनोआ,
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

दर्शना,

पत्रं वाचली. दोनदा. मी तुझ्यावर रागावलोय, नाही असं लिहिण्यात अर्थ नाही. २६ सप्टेंबरच्या पत्रातून तुला माहीत होतं की ते डोक्यावर पडलेत. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. तू आत्याला एक फोन केला असतास. मला एक मेसेज केला असतास. बाबांनी सांगू नकोस म्हटलं की तू सांगत नाहीस, तू अजून सहावीत आहेस का? लालबागहून गिरगाव किती लांब आहे? दोरा टाकून बघितलास का कधी?

हे लिहून मी डेकवर जाऊन आलो. आता दुसरी बाजू.

त्या व्हिडिओ कॉलवर मी होतो. बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. मान उजवीकडे, खिडकीच्या दिशेने. मी "बाबा, इकडे, इकडे" म्हणतोय आणि ते आत्याला म्हणतात, "कुठाय धनेश?" मला वाटलं मुद्दाम चाललंय. मे महिन्यात मी न सांगता पुन्हा सहा महिन्यांचा करार केला होता, त्यावरून ते अबोला धरून आहेत, असं मी धरून चाललो. मी म्हणालो, "बघायचं नसेल तर नका बघू," आणि बंद केला. नंतर एक महिना मी कॉल केला नाही. एकतीस दिवस, आत्ता मोजले. म्हणजे तुझ्यासमोर नुसते नकाशे होते. माझ्याकडे त्यांचा चेहरा होता.

कंपनीने बदली इंजिनिअर दिला आहे, तो उद्या सकाळी चढेल. मी उद्या संध्याकाळी इथून निघतो, मध्ये एक विमान बदलायचं आहे. मुंबईत सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी उतरेन. ऑपरेशन सकाळी आहे म्हणतेस. म्हणजे मी पोहोचेन तेव्हा ते होऊन गेलेलं असेल, जे व्हायचं ते.

डॉक्टरांना हे विचार आणि उत्तर गोड न करता लिही. एक, ते टेबलावर जाऊ शकतात का? दोन, जागे झाले तर डावी बाजू परत येते का? तीन, सोमवारपर्यंत ते मला ओळखण्याइतके शुद्धीवर राहतील का?

आत्याला सांग, निघालो.

धनेश

---

परळ, हॉस्पिटल,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

धनेशदादा,

तू विमानात बसायच्या आधी हे मिळेल असं धरून लिहिते. तू जे लिहिलंस ते बरोबर आहे. मी त्यावर काही बोलणार नाही.

तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरं डॉक्टरांनी दिली तशी.

एक. हो, जाऊ शकतात. कवटीला दोन छोटी भोकं पाडून रक्त बाहेर काढतात. ऑपरेशन तसं लहान आहे, माणूस लहान नाही, असं ते म्हणाले. वय आहे, हृदय आहे आणि गोळ्यांचा अंमल पूर्ण उतरलेला नसेल. पुन्हा रक्त साचू शकतं.

दोन. दाब निघाला की मेंदू हळूहळू जागेवर येतो आणि पुष्कळांची हरवलेली बाजू परत येते. काहींची त्याच दिवशी, काहींची महिन्यांनी. पण जितका उशीर, तितकं सांगणं कठीण. "दोन महिने म्हणजे उशीर का?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लवकर नाही."

तीन. हे त्यांनी सांगितलं नाही. मी बघते आहे ते सांगते. काल दुपारपर्यंत सर हाक मारली की डोळे उघडत होते. काल संध्याकाळपासून दोन हाका लागतात. आज सकाळी आत्यांनी कपाळावर हात ठेवल्यावर उघडले. डावा हात चादरीवर पडलेला असतो. आत्यांनी तो उचलून त्यांच्या छातीवर ठेवला तर म्हणाले, "हा कुणाचा हात इथे ठेवलास?" आत्या बाहेर येऊन जिन्यावर बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "दर्शना, चटणी रोज तशीच उरायची गं. मी ती दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर खायचे. दोन महिने खाल्ली." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ताट नुसतं फिरवलं असतं तरी कळलं असतं."

काल शनिवार होता. मी दोन तासांसाठी शाळेत गेले, कारण मुलांना खरं सांगायचं होतं. सांगितलं. रंजिताला उभं करून सगळ्यांसमोर म्हटलं, "तू बरोबर होतीस, मी चुकले." मला वाटलं ती लाजेल. ती म्हणाली, "मग मला खाली का बसवलंत, बाई?" छत्तीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "कारण मला तुझ्यापेक्षा सर जास्त माहीत आहेत असं वाटत होतं." तिने मान हलवली, पटलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून. नंतर नील म्हणाला, "बाई, सरांना उजवं दिसतंय ना, मग उजवीकडूनच न्यायचं. सीरियाच्या अँटिऑकवरून निघायचं आणि एक एक गाव करत रोमला." वर्गाने मिळून मोठ्या कागदावर तो रस्ता काढला. दर गावाला लाल ठिपका, आणि डाव्या काठाला वरपासून खालपर्यंत जाड लाल रेघ, म्हणजे कागद कुठे संपतो ते सरांना कळावं. मी डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, ऑपरेशननंतर असंच काहीतरी करायचं असतं, रोज. आत्ता नको, दमतील.

मी ऐकलं नाही, दादा. आज सकाळी त्यांनी डोळे उघडल्यावर मी कागद धरला. मला धीर धरवत नव्हता. म्हटलं, "सर, अँटिऑकला बोट ठेवा." ठेवलं. "आता पुढे." इफिससपर्यंत आले. मग ग्रीसचं कॉरिंथ. तिथे थांबले. "पुढे, सर." म्हणाले, "पुढे काही नाही." मी त्यांचं बोट धरून एक इंच डावीकडे नेलं, समुद्रावर. ते चिडले नाहीत. फार हळू म्हणाले, "दर्शना, मी पूर्ण नकाशा काढला नव्हता का गं?"

नकाशाबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "नाही, सर. पश्चिम राहिली होती." "मुलांना चुकीचं शिकवलं मग," म्हणाले, आणि झोपले. त्यानंतर अजून उठलेले नाहीत. नर्स दर तासाला येऊन डोळ्यांत बॅटरी मारते आणि कागदावर लिहिते. दुपारी डॉक्टर दोनदा येऊन गेले. गोळीचा अंमल नीट उतरला नसला तरी उद्यापेक्षा पुढे जायचं नाही, आणि आज आणखी ढळले तर आजच घेऊ, असं त्यांनी आत्यांना सांगितलंय. तसं झालं तर मी लगेच मेसेज करीन. मेसेज आला नाही तर असं समज, की रात्र निघाली.

मी तीन दिवस खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला ठेवत होते, कारण उजवीकडे सलाइनचा स्टँड आहे. काल मी त्या बाजूने तीनदा हाक मारली. त्यांनी आत्यांना विचारलं, "दर्शना आली नाही का?" आत्या मला म्हणाल्या, "अगं, तिकडे तू नाहीसच त्यांच्यासाठी. इकडून बोल." मी पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेले, तर म्हणाले, "कधी आलीस?"

उद्याचं असं आहे. सकाळी सात वाजता त्यांना आत नेतील, आठला सुरू करतील, दीड-दोन तास लागतील. दुपारी चारच्या सुमारास शुद्धीवर यावेत असा अंदाज आहे, आले तर. तेव्हा डॉक्टर पहिली तपासणी अशी करणार: घरचं एक माणूस पलंगाच्या डाव्या बाजूला उभं करायचं, त्याने काही बोलायचं नाही, आणि सरांना विचारायचं, इथे कोण उभं आहे. आत्यांना ते झेपणार नाही म्हणाल्या. डॉक्टरांनी माझं नाव लिहिलं होतं. मी ते काढायला लावून तुझं घातलंय. विमानतळावरून सरळ इकडे ये, दुसरा मजला. चारच्या आधी पोहोचशील. त्यांनी नाव घेतलं नाही तरी तिथून हलू नकोस, ते दर अर्ध्या तासाने पुन्हा विचारणार आहेत.

दर्शना